सासूबाईंच्या हाती पडणारा कागद
घरातलं पाळणाघर : लेखांक पाचवा

मागच्या चार लेखांकांत आपण घरातली जागा पाहिली, किती मुलं घ्यायची ते ठरवलं, दिवसाचं वेळापत्रक आखलं आणि खर्चाचा ताळा घातला. या लेखमालेसाठी आपण मुदखेड हे गाव धरून चाललो आहोत. आजचा विषय, पाळणाघराचं माहितीपत्रक, त्या गावाच्या घडणीशी फार जवळून जोडलेला आहे.

मुदखेडमध्ये माहितीपत्रक कशाला, असं कुणालाही वाटेल. तालुक्याचं ठिकाण असलं तरी गाव ओळखीपाळखीचं. अमक्याची सून घरी लेकरं सांभाळते, ही बातमी दोन दिवसांत गावभर होते. गल्लीतल्या चार घरांपुरतं पाळणाघर चालवायचं असेल तर तेवढं पुरतंही. पण मुदखेड जंक्शन आहे. एक लोहमार्ग उमरी, धर्माबाद, बासरवरून निजामाबाद-सिकंदराबादकडं जातो, दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवटवरून आदिलाबादला. रेल्वेची नोकरी म्हटली की बदली आलीच. केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण महाविद्यालय इथं आहे, त्यामुळं देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातलं कुटुंब इथं राहायला येऊ शकतं. बँका, तहसील, रुग्णालय, शाळा इथली माणसंही बदलत राहतात. अशा कुटुंबाला गावात मावशी नसते, आत्या नसते आणि गल्लीतली बातमी त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. पाळणाघराची निकड मात्र त्यांनाच सर्वांत जास्त.

दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. मूल पाळणाघरात ठेवायचं की नाही हे आपल्याकडं आई एकटी ठरवत नाही. ती तुमच्या घरी येते, खोल्या बघते, तुमच्याशी बोलते, तिला पटतं. मग ती घरी जाते. तिथं सासूबाई विचारतात, “कोण बाई आहे? किती लेकरं आहेत तिच्याकडं? खाऊ काय घालते?” नवरा विचारतो, “मला यायला उशीर झाला तर?” माहेरून फोन येतो, “परक्याच्या घरी लेकरू ठेवायलीस?” तुम्ही अर्धा तास बसून सांगितलेलं सगळं त्या बाईला तेव्हा आठवेलच असं नाही, आणि आठवलं तरी ती नोकरीपायी घाई करते आहे असंच घरच्यांना वाटतं. त्या बैठकीत तुम्ही नसता. तिथं तुमच्या वतीनं फक्त तो कागद असतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की माहितीपत्रक आईसाठी लिहू नका. आईला तुम्ही समोरासमोर भेटणारच आहात. ते तिच्या घरच्यांसाठी लिहा, मोठ्यानं वाचून दाखवता येईल असं लिहा.

एकदा हे डोक्यात बसलं की काय लिहायचं आणि काय गाळायचं ते बरंचसं आपोआप ठरतं. गावोगावच्या पत्रकांवर साधारण असा मजकूर असतो:

“आमच्या येथे लहान मुलांचा अत्याधुनिक पद्धतीने सर्वांगीण विकास केला जाईल. घरच्यासारखे प्रेमळ वातावरण. अनुभवी व प्रशिक्षित स्टाफ. प्रवेश मर्यादित. त्वरा करा.”

सासूबाईंच्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर यात नाही. बाई कोण ते कळत नाही, मुलं किती ते कळत नाही, खाण्याचा तर पत्ताच नाही. शिवाय ‘त्वरा करा’ हे शब्द साडीच्या सेलला शोभतात. सहा महिन्यांचं मूल कुणाच्या हवाली करायचं हे ठरवणाऱ्या घराला घाई करायला सांगणं बरं नव्हे. त्याच जागी हा मजकूर वाचून बघा:

“सहा महिने ते चार वर्षं वयाची जास्तीत जास्त सहा मुलं मी माझ्या राहत्या घरी सांभाळते. मदतीला माझी नणंद पूर्ण वेळ असते. मुलं तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात. स्वयंपाकघराला दार आहे आणि मुलं असताना ते बंद असतं. सोमवार ते शनिवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३०.”

पाच-सहा साधी वाक्यं आहेत, पण प्रत्येक वाक्य तपासून बघता येतं. सहा मुलं म्हटलं आणि भेटीला आलेल्या आजीला आत नऊ दिसली, तर पुढचं बोलणंच खुंटतं. म्हणून जे रोज पाळता येईल तेच लिहायचं. सहा हा आकडा मी उदाहरणादाखल घेतला आहे. अंदाजासाठी एक सरकारी माप हाताशी असू द्या: कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागं एक सांभाळणारी आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागं एक, असं प्रमाण धरलं आहे. तुमच्या घराला त्या सूचना थेट लागू होत नाहीत. पण रांगणारी दहा मुलं एका बाईनं घरात सांभाळणं किती अवघड आहे हे ज्यांनी एक सांभाळलं त्यांना सांगायला नको. तुमचा आकडा यापेक्षा कमी असेल तर पत्रकात तो ठळक छापा. घरगुती पाळणाघराचं मोठं बळ तेच आहे.

आता आईचा विचार करू. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्यानं पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा दिली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. मुदखेडमध्ये पन्नास माणसं एका छताखाली काम करतात अशा जागा किती असतील? शाळेची शिक्षिका, बँकेतली कारकून, दवाखान्यातली परिचारिका, तहसीलमधली लिपिक यांच्या कचेऱ्या लहान. त्यांना आसरा घरगुती पाळणाघराचाच. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि त्यांतले काही बाळंतपणाआधीच गेलेले असतात. म्हणजे ही बाई कामावर रुजू होते तेव्हा बाळ पाच-सहा महिन्यांचं असतं, नेमकं वरचं अन्न सुरू करायच्या वेळी. सगळ्यांत अवघड काळ तो. म्हणून पत्रकात खाण्यापिण्याचा मजकूर सर्वांत मोठा असावा असं मला वाटतं. बहुतेक पत्रकांत तो ‘सकस आहार’ या दोन शब्दांत उरकलेला असतो.

काय लिहाल? आईनं काढून दिलेलं दूध तुम्ही ठेवता का, कशात ठेवता आणि कसं पाजता. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते बाहेर ठेवून चालणार नाही, तेव्हा ‘आणल्याबरोबर फ्रीजमध्ये, बाळाच्या नावाची चिठ्ठी लावून, वाटी-चमच्यानं पाजते’ असं लिहिलं की आईचा जीव भांड्यात पडतो. डबा घरून आणायचा की तुमच्याकडचं अन्न. तुमच्याकडचं असेल तर काय काय: वरण-भात, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, उकडलेलं केळं-बटाटं. अंडं देता की नाही हेही सरळ लिहा. मुदखेडमध्ये सगळ्या धर्मांची आणि सगळ्या प्रांतांची कुटुंबं तुमच्या दारात येतील, आणि या प्रश्नावर नंतर होणारा गैरसमज फार दुखावणारा असतो. पाणी कुठलं, बोअरचं, नळाचं की फिल्टरचं, उकळता का. आणि एक वाक्य तर प्रत्येक पत्रकात असावं अशी माझी कळकळीची विनंती आहे:

“शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, गोळ्या-चॉकलेटं मी लहान मुलांना देत नाही. कृपया डब्यातही देऊ नयेत.”

आपल्या भागात मुलाच्या मुठीत शेंगदाणे ठेवणं हे लाडाचं लक्षण. पण पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत दाणा अडकण्याचा धोका खरा आहे. हे वाक्य छापणारी बाई विचार करून मुलं सांभाळते, हे डॉक्टरला कळेल आणि आजीलाही कळेल. जिनं आपल्या लेकरांना दाणे भरवले त्या आजीला ते क्षणभर खटकेलही. खटकू द्या. त्यावर बोलणं निघेल, आणि ते निघालेलं चांगलं.

उन्हाळ्याबद्दल वेगळी ओळ हवी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि वीजही जाते. कूलर आहे का, इन्व्हर्टर आहे का, घर पत्र्याचं की स्लॅबचं, दुपारी मुलं कुठल्या खोलीत झोपतात. स्लॅबचं घर असेल आणि वरच्या मजल्याची सावली असेल तर ती गोष्ट लिहिण्यासारखी आहे. पत्र्याचं असेल तर लपवू नका. खाली थर्माकोलचं किंवा पीओपीचं छत केलं असेल तर ते लिहा, नाहीतर निदान उन्हाळ्यात वेळ किंवा मुलांची संख्या कमी करत असाल तर ते लिहा.

आजारपणाचं कलम कडक असू द्या. ताप असलेलं मूल घेत नाही. दिवसा ताप आला तर आधी आईला, मग वडिलांना फोन करते. औषध फक्त पालकांनी लिहून दिलेलं, सांगितलेल्या मात्रेत. गंभीर झालं तर १०८ ला फोन आणि जवळच्या दवाखान्यात, पालकांची वाट न बघता. प्रवेशाच्या वेळी लसीकरण कार्डाची प्रत. घरात ओआरएसची पाकिटं आणि प्रथमोपचाराची पेटी असते, हे लिहायचं असेल तर त्याआधी ती पेटी खरोखर भरून ठेवा.

न करण्याच्या गोष्टी छापायला लोक कचरतात. गिऱ्हाईक जाईल ही भीती असते. माझा अनुभव उलट आहे. ‘मुलाला मारत नाही, कोंडून ठेवत नाही, गप्प बसावं म्हणून हातात मोबाइल देत नाही’ या तीन गोष्टी छापलेल्या दिसल्या की वाचणारा सावरून बसतो. ‘प्रवेश अर्जात तुम्ही ज्यांची नावं दिली त्यांच्याशिवाय कुणाच्याही हाती मूल देणार नाही, मग ते नातेवाईक असोत की ओळखीचे’ हे वाक्य तर सर्वांत आधी. लहान गावात ‘मी याचा काका आहे’ म्हणत कुणीही येतो आणि नाही म्हणणं जड जातं. छापलेलं असलं की नाही म्हणायला तुमच्या हाती आधार राहतो.

आता मुदखेडचं खास कलम. इथली कितीतरी माणसं नांदेडला अप-डाउन करतात, आणि नांदेडचे शिक्षक मुदखेड तालुक्यातल्या गावांना. अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचं, पण गाडी लेट झाली की पाळणाघराच्या दारातलं मूल आणि फलाटावरची आई या दोघांची सारखीच घालमेल होते. मोठ्या शहरांतली पत्रकं पाहून कुणी छापतं, ‘वेळेनंतर दर पंधरा मिनिटांना अमुक रुपये.’ रेल्वेच्या गावात हे बरोबर नाही. उशीर त्या बाईच्या हातात नसतो. तुमचाही स्वयंपाक, तुमचंही घर आहे हे खरंच. दोन्ही बाजू सांभाळणारं कलम असं करता येईल:

“गाडी उशिरा असल्यास निघण्यापूर्वी फोन करा. रात्री ८ पर्यंत मूल माझ्याकडं राहील आणि जेवलेलं असेल. महिन्यातून तीन वेळा यासाठी वेगळे पैसे नाहीत. त्यानंतर प्रत्येक वेळी जेवणासह ठरावीक रक्कम. ८ नंतर मात्र मूल न्यायला दुसऱ्या कुणाची सोय करावी.”

यातले आकडे तुम्ही तुमचे घाला. पण हे कलम छापलेलं असू द्या, कारण नवऱ्याच्या ‘उशीर झाला तर?’ या प्रश्नाचं ते उत्तर आहे.

तालुक्यात आणखी एक घाईची वेळ आहे, आणि ती पत्रकवाल्यांच्या ध्यानात येत नाही. मुदखेड फुलशेतीसाठी ओळखलं जातं. गुलाब, मोगरा, काकडा. फुलं तोडायला बाया पहाटेच निघतात, कारण ऊन चढायच्या आत माल बाजाराच्या वाटेला लागावा लागतो. सकाळी आठला उघडणारं पाळणाघर त्यांच्या उपयोगाचं नाही. त्यातल्या अनेकींना पत्रक वाचताही येणार नाही. त्यांचं काय?

या प्रश्नाशी आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी झुंज दिली आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढं अनुताई वाघांसह कोसबाडला काम उभं केलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केलं. ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था त्यातूनच वाढली आणि मुंबई-पुण्यातही तिनं काम केलं. आई जिथं काम करते तिथं जायचं, तिच्या वेळेला जायचं, हा त्या कामाचा गाभा. आपल्या राज्यात १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानंही कामावरच्या बायांच्या लहान मुलांची सोय मान्य केली. ती प्रत्यक्षात किती मिळते हा वेगळा आणि कडवट विषय आहे.

तुम्ही एकट्या हे सगळं उचलू शकणार नाही. पण पहाटे पाच ते नऊ अशी दोन-तीन मुलं घेणं जमत असेल, तर ती वेळ पत्रकात पहिल्या पानावर छापा आणि पत्रक घेऊन स्वतः फुलांच्या मळ्यावर जा. कागद हातात देऊन परत येऊ नका, उभं राहून वाचून दाखवा. फोन नंबर मोठ्या अक्षरांत असू द्या, म्हणजे घरातलं शाळकरी पोरगंही तो लावून देईल. आणि जमत नसेल तर पहाटेची वेळ छापू नका.

दाव्यांबद्दल आता थोडं कडक बोलायला हवं. ‘सरकारमान्य पाळणाघर’ हे शब्द फार सहज छापले जातात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे, फुकट आहे, आपणच आपली माहिती भरून होते. ती जरूर करा. पण तिनं तुमचा उद्योग नोंदला जातो. तुम्ही मुलं कशी सांभाळता ते सरकारनं तपासलं असा तिचा अर्थ नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली मोजकेच कामगार असलेल्या लहान आस्थापनेला नोंदणीही लागत नाही, फक्त सूचना द्यावी लागते. तीही मान्यता नव्हे. तेव्हा ‘उद्यम नोंदणीकृत’ एवढंच लिहा. तीच गोष्ट ‘नर्सरी’, ‘प्ले स्कूल’ या शब्दांची. शिकवत नसाल तर लिहू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या पत्रकापर्यंत तो येईल असं मी म्हणत नाही. पण पत्रक हीसुद्धा जाहिरातच आहे, आणि तुमच्या भरवशावर मूल ठेवलेलं आहे.

स्वतःबद्दल काय लिहायचं, हा प्रश्न अनेक जणी विचारतात. “माझं शिक्षण तर दहावी. काय लिहू?” जे आहे ते लिहा. ‘माझी दोन मुलं आता आठवीत आणि पाचवीत आहेत. गेली तीन वर्षं मी जावेची आणि शेजारच्या घरातली मुलं सांभाळली. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं आहे.’ प्रशिक्षण घेतलं असेल तर कुठं आणि कोणत्या वर्षी तेही घाला, नसेल तर आधी घ्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केलं असेल तर ते मोठं भांडवल आहे. आणि आधीच्या दोन पालकांची परवानगी घेऊन ‘यांच्याशी बोलायचं असल्यास नंबर देईन’ असं लिहिलं तर ते कुठल्याही पदवीहून जास्त उपयोगी पडतं. त्यांचे नंबर मात्र छापू नका.

फोटोंचा मोह आवरा. इंटरनेटवरून उतरवलेली निळ्या डोळ्यांची गोरी बाळं मुदखेडच्या पाळणाघरावर शोभत नाहीत आणि पहिल्याच नजरेला कळतात. तुमच्याकडच्या मुलांचे चेहरेही नकोत. पालकांनी लेखी होकार दिला असला तरी माझं मत तेच. हजार प्रती छापल्या की तो चेहरा कुठं कुठं जाईल त्यावर कुणाचा ताबा राहत नाही, आणि २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. त्याऐवजी खोलीचा फोटो घ्या. सकाळच्या उजेडात, जमिनीवर बसून, म्हणजे मुलाच्या नजरेला खोली जशी दिसते तशी. खिडकीची जाळी, खाली अंथरलेली सतरंजी, उंचावर बसवलेले स्विच, जिन्याला लावलेलं फाटक. दुसरा फोटो मोरीचा किंवा संडासाचा. लोकांना संकोच वाटतो, पण स्वच्छ मोरीचा फोटो छापणारी बाई आजीच्या मनातून उतरत नाही.

भाषा मराठी, आणि एका बाजूला हिंदी. प्रशिक्षण महाविद्यालयातली, रेल्वेतली कुटुंबं तुमच्या डोळ्यांसमोर असतील तर हिंदीला अर्धं पान द्यावं. हिंदी मजकूर एखाद्या हिंदी बोलणाऱ्या शेजारणीकडून वाचून घ्या. फोन नंबर मात्र सगळ्यांना ओळखू येणाऱ्या इंग्रजी आकड्यांत.

छापखान्याचं थोडक्यात सांगते. तीन घड्यांचं पत्रक देखणं दिसतं, पण ए-फोर कागदाच्या तीन पट्ट्या केल्या की प्रत्येक पट्टी जेमतेम दहा सेंटिमीटरची होते. त्यात मराठी ओळ चारच शब्दांत तुटते आणि अक्षर बारीक करावं लागतं. त्यापेक्षा ए-फोर कागद एकदाच मधोमध दुमडा, चार पानं होतात. अक्षर बारा-तेरा पॉइंटच्या खाली नको, आणि ओळींमध्ये मोकळी जागा ठेवायला सांगा. वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकले की चष्मा लावूनही वाचता येत नाही. कागद चकचकीत आर्ट पेपर नको. त्यावर पेन चालत नाही, आणि वाचणाऱ्याला पत्रकावर काहीतरी लिहायचंच असतं, प्रश्न, तारीख, दुसरा नंबर. शंभर जीएसएमचा मॅपलिथो चांगला. पहिल्यांदा डिजिटलवर शंभर प्रती काढा. ऑफसेटला प्लेट करावी लागते, ती हजार प्रतींनाच परवडते.

डीटीपीवाल्याला मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला की तो युनिकोडमध्ये असतो, आणि त्याच्याकडं कोरलमध्ये श्रीलिपीसारखा जुना फाँट. बदलताना अक्षरं फुटतात: ‘बऱ्याच’मधला र तुटतो, जोडाक्षर सुटतं, आकडे भलतेच उमटतात. म्हणून प्रूफ पडद्यावर बघून होकार देऊ नका. कागदावर काढून घ्या आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला मोठ्यानं वाचायला सांगा. नंबर एकेक आकडा बोट ठेवून. छापलेल्या नंबरावर स्वतः फोन लावून बघा. डीटीपीवाल्याला ‘मुक्ता’सारखा मोफत मिळणारा युनिकोड फाँट वापरायला सांगितलं तर ही बरीचशी कटकट वाचते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायला पीडीएफ मागून घ्या. पुढं पुढं पाठवत गेलं की फोटोतली अक्षरं फिसकटतात.

फी मुख्य पत्रकात छापू नका. लपवण्यासाठी नव्हे, ती बदलते म्हणून. वेगळी चिठ्ठी करा, वर तारीख घाला, ‘१ जूनपासूनचे दर’, आणि ती पत्रकाच्या आत ठेवून द्या. फीमध्ये काय धरलं आहे आणि काय नाही (जेवण, दूध, लंगोट, सुट्टीचे दिवस) ते मात्र पत्रकातच छापा.

वाटणी करताना वर्तमानपत्रात घालून हजार प्रती उडवण्यापेक्षा शंभर प्रती नीट पोचवा. लसीकरणाच्या दिवशी आशाताई आणि अंगणवाडी सेविका ज्या आयांना भेटतात, त्यांतल्या बऱ्याच जणींना येत्या महिन्या-दोन महिन्यांत कामावर जायचं असतं. आधी त्या ताईंना तुमचं घर दाखवा, चहा पाजा, मगच पत्रकं द्या. न पाहिलेल्या घराची शिफारस कुणी करू नये आणि करणारही नाही. बालरोगतज्ज्ञांना विचारून त्यांच्या दवाखान्यात ठेवा. शाळांच्या स्टाफरूममध्ये, भाड्यानं खोल्या देणाऱ्या घरमालकांकडं, शिवणकाम करणाऱ्या बाईकडं. नवं कुटुंब गावात आलं की पहिली विचारपूस घरमालकाकडंच होते.

एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तिच्या कडेला लिहीत जा. पत्रक वाचून आलेल्या माणसानं तरीही जो प्रश्न विचारला, तो तिथं टिपायचा. “झोळी बांधता का?” “दुपारी किती वेळ झोपवता?” “कुत्रं आहे का घरात?” तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्याचं उत्तर दुसऱ्या छपाईत गेलं पाहिजे. पहिल्या शंभर प्रती संपेपर्यंत ऑफसेटचा विचारही करू नका.

पुढच्या लेखांकात प्रवेश अर्ज आणि पालकांशी करायचा लेखी करार पाहू: कुणाची सही, किती दिवसांची पूर्वसूचना, आणि अनामत घ्यावी की नाही.